नायमेखनचं वाळवंट हार्लेमला

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर डचमध्ये ‘वाळवंटी बागा’ असं छापलेलं आहे. कार्ड हातात घेतलेला माणूस ते वाचतो, मग खिडकीतून बाहेर बघतो. बाहेर बहुधा पाऊस पडत असतो. मग तो माझ्याकडे बघतो. ती नजर आता माझ्या इतकी ओळखीची झाली आहे की कोणी तसं बघितलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा माझा नवरा नीलेश म्हणाला, सुरुवातीपासून लिही. सुरुवातीपासून लिहायचं तर त्याच्या नोकरीमागे नेदरलँड्समधल्या बेस्ट नावाच्या गावी आले, शेतकीची पदवी कपाटात ठेवली, गार्डन सेंटरमध्ये कुंड्या रचल्या, डच शिकले, इथला बागकामाचा कोर्स केला आणि ‘होफेनिर’ झाले, म्हणजे लोकांच्या बागा आखून, लावून देणारी. झालं, संपलं. यात वाचण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखी आहे ती एका बागेची गोष्ट, आणि ती आठवली की अजूनही माझे हात शिवशिवायला लागतात.

आधी धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. लोकांना वाटतं वाळवंटातली झाडं थंडीने मरतात. तसं नसतं. टेक्सास, न्यू मेक्सिको, मेक्सिकोचा उत्तर भाग, तिथल्या उंचावरच्या वाळवंटात हिवाळ्यातल्या रात्री पाणी गोठतं, बर्फसुद्धा पडतो. तिथले निवडुंग, घायपात, युक्का हे सगळं सोसून शंभर शंभर वर्षं उभे असतात. त्यांना मारते ती ओली थंडी. मुळं महिनोन्महिने गार पाण्यात राहिली की बुंधा आतून कुजायला लागतो, आणि बाहेरून झाड हिरवंगार दिसत असतं. म्हणून माझं निम्मं काम जमिनीखाली असतं. माती काढायची, खाली जाड खडी घालायची, वर लाव्हाचे हलके खडे आणि वाळू, आणि सगळ्याला उतार द्यायचा, म्हणजे पडलेलं पाणी थांबता कामा नये. झाड लावणं हे त्यानंतरचं, अर्ध्या दिवसाचं काम.

आणि पावसाच्या देशात हे कशाला, तर हा देश पूर्वीसारखा राहिला नाही म्हणून. आमच्या ब्राबांट प्रांताची जमीन वाळूची. अलीकडच्या काही उन्हाळ्यांत हिरवळी पार तपकिरी झाल्या, बागेला पाणी घालू नका अशी विनंती नळकंपनीकडून यायला लागली, आणि लोक मला फोन करायला लागले. एरवी हे लोक बागेत फरशा घालून मोकळे व्हायचे. आता खेमेंटेच, म्हणजे इथली नगरपालिकाच सांगते की फरशा काढा, झाडं लावा. फरशीइतकीच कमी कटकट देणारी झाडं कोणती, तर माझी.

कमी कटकट असं मी म्हणते, पण गिऱ्हाइकांना कटकट नसली की करमत नाही. बेस्टमधल्या एका गृहस्थांनी मी लावलेल्या घायपाताच्या बुडाशी ओलावा मोजणारा सेन्सर खुपसला. ते चिप बनवायच्या यंत्रांवर काम करतात, तिथे धुळीचा एक कण चालत नाही. रोज सकाळी त्यांच्याकडून मला एक आलेख यायचा, त्याखाली एकच प्रश्न, ‘हे नॉर्मल आहे का?’ मी रोज ‘हो’ असं लिहायचे. सुट्टीवर गेले तेव्हा दोन आठवड्यांचे ‘हो’ आगाऊ पाठवून दिले. ते त्यांना अजिबात आवडलं नाही.

तर ती गोष्ट.

नायमेखनजवळ वाल नदीच्या बांधाला लागून एक जुनं विटांचं घर होतं. तिथे टेओ नावाचे एक निवृत्त तंत्रज्ञ एकटेच राहत. कोणाकडून तरी कळलं होतं की त्यांच्या दक्षिणेच्या भिंतीशी बरेच निवडुंग आहेत. एका शनिवारी मी सहज, एखादं रोप मिळालं तर बघावं म्हणून गेले. बांधावरून सायकल खाली उतरवली आणि तिथेच थांबले.

खडीचा एक मोठा उंचवटा होता, घराच्या लांबीइतका. त्यावर फड्या निवडुंगाचे जुने पसारे, एकावर एक चढलेले. माझ्या खांद्याएवढे उंच फांदीदार चोया निवडुंग, त्यांच्या काट्यांवर ऊन पडून ते कापसासारखे चमकत होते. निळसर घायपात, एकेकाचा घेर मोठ्या परातीएवढा. आणि या सगळ्याच्या मधोमध एक निळा युक्का. जाड खोड, वर त्याच्या तीन फांद्या, आणि प्रत्येक फांदीवर बारीक निळ्या पात्यांचा भलामोठा गोल. वाऱ्याने ती पाती हलली की सबंध झाड चांदीचं व्हायचं. असं झाड मी फोटोतच पाहिलं होतं. नर्सरीत मिळतात ती गुडघ्याएवढी. एवढं जुनं, उघड्यावर वाढलेलं, या देशात! मी सायकल गवतात आडवी टाकून तशीच पुढे गेले.

टेओ दारात उभे राहून बघत होते. तरुणपणी कामासाठी ते टेक्सासला काही महिने राहिले होते. तिथून आणलेल्या बियांपासून त्यांनी हे सगळं वाढवलं होतं. लग्न झालं, मुलं मोठी होऊन गेली, बायको गेली, आणि या सगळ्या काळात तो युक्का वर्षाला चार बोटं या हिशेबाने वर चढत राहिला. आता बांध रुंद करायचं ठरलं होतं. नद्यांना पूर्वीपेक्षा जास्त पाणी येतं, बांध वाढवायलाच हवेत, याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. घर जाणार होतं, बाग जाणार होती, आणि ते शहरात एका फ्लॅटमध्ये राहायला जाणार होते.

बरेच जण झाडं बघून गेले होते. प्रत्येकाला फक्त युक्का हवा होता. टेओंचं म्हणणं होतं की न्यायचं तर सगळं एकत्र न्या, एका ठिकाणी लावा, नाहीतर बुलडोझरखाली जाऊ दे. मी त्यांना विचारलं, खरंच जाऊ द्याल? ते म्हणाले, “मी हट्टी माणूस आहे. म्हणून तर ही झाडं जगली.”

घरी परत येताना ट्रेनमध्ये मी डोळे मिटून त्या बागेसाठी जागा शोधत होते. आमच्या मागच्या अंगणात तर त्यातला एक निवडुंगसुद्धा नीट बसला नसता.

जागा मिळाली ती हार्लेमला. मानसी म्हणून एक मुलगी, मूळची पुण्याची, तिथल्या एका चार मजली इमारतीत राहते. इमारत चारी बाजूंनी बंद, मध्ये मोठं अंगण, आणि अंगणाच्या खाली गाड्यांचं पार्किंग. म्हणजे ते अंगण नसून खरं तर एक छप्परच होतं. त्यावर गुडघाभर माती, खाली पाणी निचरून नेणारा थर आणि काँक्रीट. दर उन्हाळ्यात तिथली झाडं वाळायची, दर वसंतात नवी यायची. तिसऱ्यांदा हायड्रेंजियाची फुलझाडं जळाल्यावर मानसीने मला फोन केला. “शुभदाताई, इथे काही जगेल असं आहे का हो? प्लास्टिकचं सोडून?”

मी जाऊन बघितलं आणि मला हसूच फुटलं. पातळ माती, खाली निचरा, दिवसभर ऊन, चारी बाजूंनी भिंतींची ऊब, समुद्र जवळ म्हणून कडाक्याचा गारठा कमी. हायड्रेंजियाचं ते मरण होतं, पण टेओंच्या बागेला याहून चांगलं घर अख्ख्या नेदरलँड्समध्ये मिळालं नसतं.

पण अंगण सगळ्या रहिवाशांचं. त्यांची सभा झाली. तळमजल्यावर राहणाऱ्या मेव्राउ आन्स, म्हणजे आन्सबाई, पाठीचा कणा अगदी ताठ, इमारत बांधली तेव्हापासून तिथे राहणाऱ्या. त्यांनी शांतपणे विचारलं, नातवंडं खेळताना यावर पडली तर? प्रश्न रास्त होता. मी तिथेच आराखडा बदलला. काटेरी झाडं सगळी मधल्या उंचवट्यावर, भोवती बसायला येईल असा रुंद दगडी कठडा, आणि वाटेच्या कडेने नुसती मऊ गवतं. तरी आन्सबाईंनी विरोधात हात वर केला. त्यांना गुलाब हवे होते.

दुसरा विरोध आपल्याच माणसांतून निघाला. मानसीच्या सासूबाई, मालतीकाकू, सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या. त्यांना मत द्यायचा अधिकार नव्हता, पण त्या सभेला येऊन बसल्या होत्या, आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या की अगं शुभदा, काट्याचं झाड कोणी दारात लावतं का? घरात भांडणं होतात. मी म्हटलं, काकू, हे दारात नाही, मध्ये आहे. त्या म्हणाल्या, चारी बाजूंनी दारं असली की मध्य म्हणजे दारच. पुढे काही दिवस आन्सबाई आणि मालतीकाकू अंगणातल्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या दिसायच्या. एकीला डच, दुसरीला मराठी, तरी दोघींचं एकमत. ठराव मात्र थोड्या मतांनी का होईना, मंजूर झाला.

मग सुरू झालं ते काम माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम होतं. बांधकामाच्या इंजिनियरने छप्पर किती वजन पेलेल ते सांगितलं, आणि त्यात बसेल असा उंचवटा आम्ही लाव्हाच्या खड्यांनी रचला. वसंतात टेओंची बाग काढायला घेतली. माझ्या जोडीला योस्त होता. झाडं हलवणं हाच त्याचा व्यवसाय, स्वतःचा ट्रक आहे, आणि दिवसभरात चार वाक्यांच्या वर बोलत नाही. निवडुंग जुन्या गालिच्यांत गुंडाळून उचलायचे ही त्याची पद्धत. टेओ प्रत्येक झाडाची दक्षिणेची बाजू खडूने खुणावत होते. नव्या जागी त्याच बाजूने ऊन लागलं पाहिजे, नाहीतर सावलीत वाढलेली बाजू भाजून निघते. लहानसहान झाडं आधीच्या आठवड्यात हार्लेमला जाऊन लागलीसुद्धा. शेवटी राहिला युक्का.

त्याची पाती आम्ही दोरीने वर बांधली, तीन मोठ्या केरसुण्या उभ्या केल्यासारखा तो दिसायला लागला. मुळांचा गोळा मातीसकट खणून काढला, गोणपाटात आवळून बांधला. योस्तच्या ट्रकच्या छोट्या क्रेनने तो उचलला तेव्हा योस्तच्या भुवया वर गेल्या, पण क्रेनने कुरकुर केली नाही. टेओंनी खोडावर एकदा हात ठेवला. ते म्हणाले की हार्लेमला मी येणार नाही, इथेच काय ते झालं. आणि ट्रक वळायच्या आत घरात गेले.

हार्लेमच्या रस्त्यावर मोठी क्रेन उभी होती. झाड चार मजली इमारतीवरून पलीकडे अंगणात उतरवायचं होतं. त्यासाठी रस्ता बंद ठेवायची खेमेंटेची परवानगी त्या दिवसापुरती, दुपारपर्यंतच. क्रेन चालवणारी एक तरुण बाई होती. तिने झाड ट्रकवरून वीतभर उचललं, समोरच्या पडद्यावर बघितलं, आणि पुन्हा खाली ठेवलं. खाली उतरून तिने मला सांगितलं, “एवढं वजन मी इमारतीवरून नेणार नाही.”

क्रेनचा हात जितका लांब करावा तितकं ती कमी वजन पेलते. ट्रकवर ठेवायला जे जमलं, ते छपरापलीकडे न्यायला जमणार नव्हतं. आणि नेलं असतं तरी ते खालच्या काँक्रीटला झेपलं नसतं. आम्ही हिशेब केला होता तो कोरड्या मातीचा. टेओंनी वरून ताडपत्री घातली होती, वरचा भाग कोरडा ठणठणीत होता. पण त्या आठवड्यात वाल नदी भरून वाहत होती. नदीला पाणी चढलं की ते बांधाच्या खालून झिरपत पलीकडच्या जमिनीत येतं. ते मुळांच्या गोळ्यात खालून चढलं होतं. गोणपाट उकललं तर तळाचा चिखल हाताला चिकटला. वाळवंटातल्या झाडाच्या पोटात वाल नदी बसून हार्लेमपर्यंत आली होती.

परत न्यावं तर जागा नव्हती. टेओंचं अंगण दुसऱ्या दिवशी बांधवाल्यांच्या ताब्यात जाणार होतं. रस्त्यावर ठेवता येत नव्हतं. एकच मार्ग उरला होता: सगळी माती धुऊन काढायची आणि मुळं उघडी करून झाड न्यायचं. युक्का हे सोसतो. गुलाब असता तर मी विचारही केला नसता. पण मी हे केलं होतं ते माझ्या कमरेएवढ्या झाडांवर. इतक्या वर्षांचं झाड रस्त्यात उघडं करायचं म्हणजे ते गमावायची भीती होती. त्याच वेळी, खोटं कशाला सांगू, मला जबरदस्त उत्साहही चढला होता. या क्षणी काय करायचं हे मला माहीत होतं आणि करायला मीच होते.

मी टेओंना फोन लावला. सगळं सांगितलं.

मग त्यांनी विचारलं, “मुळं कुठल्या रंगाची आहेत?”

मी नखाने एक खरवडून बघितलं. “पिवळी. कडक आहेत.”

“मग धू,” ते म्हणाले. “माझी परवानगी कशाला मागतेस? झाड तुझं आहे आता.”

आम्ही रस्त्यावर मोठी ताडपत्री पसरली, युक्का आडवा केला. मानसी वरच्या मजल्यावरून पाण्याची बादली घेऊन आली. योस्त हाताने माती पाडायला लागला. इतक्यात तळमजल्याचं दार उघडलं आणि आन्सबाई बाहेर आल्या, हातात पिवळ्या पाइपचं भेंडोळं. बादलीने हे संपणार नाही, एवढंच म्हणाल्या. स्वतःच्या नळाला पाइप जोडला आणि तोटी माझ्या हातात दिली. त्यांच्या मागून मालतीकाकू आल्या. त्यांनी पदर खोचला आणि मुळांशी बसकण मारली. हातात घरातलं लाकडी उलथनं होतं. मी त्यांना म्हटलं, काकू, थंडी आहे, तुम्ही कशाला. त्यांनी वर न बघता मुळांच्या बेचक्यातला चिखल काढत उत्तर दिलं, “आता आणलंच आहेस दारात, तर जगलं पाहिजे.”

पाणी लागलं तशी मुळं दिसायला लागली. मनगटाएवढी जाड, पिवळीधमक, एकमेकींत गुंतलेली. आजूबाजूच्या घरांतून लोक बाहेर आले. क्रेनवाली घड्याळ बघत होती. मधेच तीही खाली उतरून हातमोजे घालून बसली. तुटलेली मुळं मी धारदार कात्रीने साफ कापली. शेवटी उरलं ते खोड, तीन मुंडकी आणि खाली मुळांची लांब झिपरी. योस्त त्याच्याकडे बघून म्हणाला, “आंघोळ करून तयार झाला.” त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं वाक्य होतं.

या वेळी क्रेनने तो उचलला आणि उचलतच नेला. चार मजल्यांच्या वर, आकाशात, उघड्या मुळांसकट एक झाड चाललं होतं. सबंध रस्ता वर बघत होता. मी इमारतीतून पळत अंगणात गेले. खडीत खड्डा तयार होता. झाड खाली येताना मी आणि योस्तने खोड धरलं, टेओंची खडूची खूण दक्षिणेला फिरवली, आणि कोरडे लाव्हाचे खडे मुळांच्या बेचक्यांत हाताने भरले. तीन बाजूंनी दोरांचे ताण दिले. पाणी अजिबात घातलं नाही. आधी जखमा वाळू द्यायच्या असतात. सगळं संपल्यावर मी कठड्यावर बसले. त्या संध्याकाळी घरी जाताना मी ट्रेनमध्ये ओळख ना पाळख अशा बाईला सगळी हकीकत सांगितली. तिनेही ती मुकाट्याने ऐकली.

उन्हाळा चांगला गेला. चोया निवडुंगांना जांभळी फुलं आली, फड्या निवडुंगाला पिवळी. काकू पुण्याला परत गेल्या, जाताना त्या फुलांचे फोटो सगळ्या भावजयांना पाठवून गेल्या. युक्का मात्र होता तसा उभा. त्याच्याकडून काही कळत नव्हतं. मग हिवाळा आला तो ओलाच. आठवडेच्या आठवडे पाऊस आणि शून्याच्या आसपासचा गारठा, म्हणजे नेमकी ती ओली थंडी. बेस्टला छपरावर पावसाचा आवाज आला की मला हार्लेमचा उतार आठवायचा, पाणी निघत असेल ना.

मार्चमध्ये मी तपासायला गेले. युक्काची तपासणी सोपी असते आणि करताना जीव घाबरतो. मुंडक्याच्या मधली कोवळी पाती मुठीत धरून हलकेच ओढायची. घट्ट राहिली तर झाड जिवंत. शिडीवर चढून पहिलं ओढलं, घट्ट. दुसरं, घट्ट. तिसऱ्याचा गाभा सहज माझ्या हातात आला. टोकाला तपकिरी, कुजका वास.

खूप वाईट वाटलं. इतर कोणी असता तर म्हणाला असता तिनांतली दोन वाचली, उत्तम झालं. पण मी ते झाड बांधाच्या पायथ्याशी तिन्ही मुंडक्यांसकट पाहिलं होतं. कुठलं तरी मूळ मी जास्त कापलं का, आणखी कोरडं ठेवायला हवं होतं का, हे प्रश्न मला अजून पडतात आणि त्यांची उत्तरं मिळत नाहीत. कुजलेला भाग खाली उतरायच्या आत ती फांदी कापणं भाग होतं. मी टेओंना कळवलं. त्यांनी विचारलं की करवत आहे का. मग म्हणाले, येतो.

ते ट्रेनने आले. वर्षभर आले नव्हते. अंगणाच्या दारात थांबून त्यांनी सगळी बाग बघून घेतली, मग सरळ शिडीकडे गेले. मी शिडी धरली आणि त्यांनी स्वतः फांदी कापली, पांढरा निरोगी गर दिसेपर्यंत. खाली उतरल्यावर त्यांनी कापलेला तुकडा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. आन्सबाई खिडकीतून बघत होत्या. त्या बाहेर आल्या आणि त्यांनी टेओंना सांगायला सुरुवात केली की कुठल्या निवडुंगावर गोगलगायी येतात, कुठल्या कोपऱ्यात पानं साचतात, त्या ती लांब चिमट्याने कशी काढतात. टेओंनी मधे एकदाच माझ्याकडे पाहिलं. जाताना मला म्हणाले की ही बाई विरोधात होती असं तू म्हणाली होतीस ना? मी म्हटलं, अजून आहे. दर सभेत गुलाबांचा विषय काढते.

ऑगस्टमध्ये मी एका गिऱ्हाइकाच्या बागेत खडी पसरत होते, तेव्हा आन्सबाईंचा फोन आला. त्या कधी फोन करत नाहीत. झाडाच्या कापलेल्या जागेखाली काहीतरी उगवलं आहे, म्हणाल्या, बांडगूळ असेल तर आताच उपटते. मी ओरडलेच असेन, कारण शेजारच्या बागेतला माणूस वळून बघायला लागला. काहीही उपटू नका, म्हटलं, आणि हातातलं फावडं तिथेच टाकून निघाले. ट्रेनमधून टेओंना फोन केला. ते नायमेखनहून निघाले.

आम्ही पोचलो तेव्हा अंगणात ऊन होतं. कापलेल्या फांदीच्या खालून सालीला फोडून निळसर पात्यांचे झुबके बाहेर आले होते, करंगळीएवढे. एक नव्हे, तीन. मी शिडीवर चढून त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. खाली आल्यावर टेओ चढले. त्यांनी हात लावला नाही. बराच वेळ वरच होते.

आन्सबाईंनी विचारलं की हे जुन्याएवढे मोठे व्हायला किती काळ लागेल, मला बघायला मिळेल का.

“नाही,” टेओ शिडीवरूनच म्हणाले. “मलाही नाही मिळणार. हिला मिळेल.”

आन्सबाईंनी माझ्याकडे बघितलं, हिशेब केल्यासारखं. “म्हणजे हिला येत राहावं लागेल,” त्या म्हणाल्या, आणि आमच्यासाठी कॉफी करायला आत गेल्या.